साठ्याची जागा माहिती घेते तेव्हा...

साबणाची एक वडी कारखान्यातून निघून ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत चार-पाच ठिकाणी मुक्काम करते. कंपनीचे मध्यवर्ती गोदाम, विभागीय आगार, वितरकाची वखार आणि अखेरीस दुकानातील फळी, अशी ही वाट असते. जिथे जिथे ती वडी थांबते तिथे तिथे कोणाचे तरी पैसे अडकून पडतात. जागेचे भाडे, विमा, कर्जावरील व्याज आणि खराब होणाऱ्या मालाची तूट हा सारा मुक्कामाचा खर्च वडीच्या किमतीत मिसळतो आणि शेवटी ग्राहकच तो भरतो.

मग माल साठवायचाच कशाला? याचे उत्तर सोपे आहे. उद्या किती वड्या खपतील हे कोणालाच ठाऊक नसते म्हणून. साठा हा एका अर्थाने अज्ञानावरचा विमा असतो आणि त्याचा हप्ता रोज भरावा लागतो. उद्योगांनी गेल्या पाच दशकांत माहिती तंत्रज्ञानावर जो अफाट पैसा ओतला, त्यातील मोठा भाग हा विम्याचा हप्ता कमी करण्यासाठीच होता. मागणीची खरी माहिती वेळेवर मिळाली तर साठा कमी ठेवून भागते, हे त्यामागचे साधे सूत्र. ते कितपत साधले, कुठे फसले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे समजून घेण्याजोगे आहे.

दहा वड्यांचे वादळ

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एक किराणा दुकानदार दर आठवड्याला साबणाच्या १०० वड्या विकतो आणि हाताशी नेहमी दोन आठवड्यांचा, म्हणजे २०० वड्यांचा साठा ठेवतो. एका आठवड्यात त्याच्याकडून ११० वड्या गेल्या. मागणी वाढली असे समजून त्याने साठाही २२० वर न्यायचे ठरवले. शिल्लक होत्या ९०, तेव्हा त्याने वितरकाकडे १३० वड्यांची मागणी नोंदवली.

वितरकही दोन आठवड्यांचा साठा ठेवणारा. त्याला ग्राहक दिसत नाही, दुकानदाराची मागणी तेवढी दिसते. ती १०० वरून १३० झाली. त्याने आपला साठा २६० करायचे ठरवले. २०० पैकी १३० दिल्यावर ७० उरल्या, म्हणून त्याने आगाराकडे १९० वड्या मागितल्या. आगारानेही तोच हिशेब केला आणि कारखान्याकडे मागणी गेली ती ३७० वड्यांची! ग्राहकाची मागणी दहा टक्क्यांनी वाढली. कारखान्याला मात्र ती पावणेचार पटींच्या घरात गेल्यासारखी भासली.

पुढच्या आठवड्यात दुकानातील विक्री पुन्हा १०० वर आली. दुकानदाराकडे आता जादा साठा आहे, म्हणून तो ८० च वड्या मागतो. वितरकाकडे तर गरजेपेक्षा अधिक माल पडून आहे, तो काहीच मागत नाही. आगारही स्वस्थ बसते. गेल्या आठवड्यात जादा पाळी चालवणाऱ्या कारखान्याला या आठवड्यात एकाही वडीची मागणी नसते. या साऱ्या प्रकारात कोणी मूर्खपणा केलेला नाही. प्रत्येकाने आपापल्या जागी शहाणपणाचाच निर्णय घेतला. फक्त प्रत्येकाला शेजाऱ्यापलीकडचे काही दिसत नव्हते.

मुठीशी किंचित हललेला चाबूक टोकाशी जोराने फटकारतो. या परिणामाला व्यवस्थापनशास्त्रात चाबकाचेच नाव मिळाले आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील जे फॉरेस्टर यांनी १९६१ मधील आपल्या ग्रंथात या चढउतारांचे गणित मांडले होते. पुढे प्रॉक्टर अँड गॅम्बल या कंपनीला आपल्या पॅम्पर्स या लंगोटांच्या बाबतीत हाच अनुभव आला. तान्ह्या बाळांची गरज आठवड्यागणिक बदलत नाही, दुकानांतील विक्रीही जवळपास स्थिर असते. तरीही वितरकांकडून येणारी मागणी मात्र हेलकावे खाते, असे कंपनीच्या लक्षात आले.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील हाउ ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये या दुखण्याची चार कारणे नोंदवली. प्रत्येक टप्प्यावर नव्याने बांधलेला अंदाज हे पहिले. रोज थोडे मागवण्याऐवजी महिन्यातून एकदा घाऊक मागवण्याची सवय हे दुसरे. सवलतीच्या काळात गरजेपेक्षा जास्त माल उचलणे हे तिसरे. आणि टंचाईची चाहूल लागताच 'दहा मागितले तर पाच मिळतील' या हिशेबाने फुगवून मागणी नोंदवणे हे चौथे. यातील पहिल्या दोन कारणांवर संगणक बऱ्यापैकी उपाय करू शकतो. उरलेली दोन माणसाच्या स्वभावाशी आणि व्यापाराच्या रिवाजाशी निगडित आहेत, हे लक्षात ठेवायला हवे.

काळ्या-पांढऱ्या रेघा

ग्राहकाने नेमके काय विकत घेतले हे जाणून घेण्याचे साधन म्हणजे वेष्टनावरील बारकोड. नॉर्मन जोसेफ वुडलँड आणि बर्नार्ड सिल्व्हर यांना या कल्पनेचे पेटंट १९५२ मध्येच मिळाले होते. पण रेघा वाचणारे स्वस्त लेसर आणि संगणक यायला दोन दशके लागली. २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातील ट्रॉय येथील मार्श सुपरमार्केटमध्ये रिग्लीच्या च्युइंगगमचे एक पाकीट यंत्रासमोरून सरकले. नव्या प्रमाणित बारकोडच्या वापराची ती सुरुवात मानली जाते.

बारकोडमुळे गल्ल्यावरची रांग लवकर सरकू लागली, हा वरवरचा लाभ. खरा बदल असा की, प्रत्येक विक्रीची नोंद त्या क्षणी आपोआप होऊ लागली. या नोंदीचे मोल वॉलमार्टने ओळखले. १९८७ मध्ये या कंपनीने आपली दुकाने, गोदामे आणि मुख्यालय यांना जोडणारे स्वतःचे उपग्रह जाळे पूर्ण केले. त्याच सुमारास तिने प्रॉक्टर अँड गॅम्बलशी वेगळ्या धर्तीचा करार केला. लंगोट किती मागवायचे हे दुकानाने ठरवायचे नाही; दुकानातील विक्रीचे आकडे थेट उत्पादकाला दिसतील आणि त्यानेच माल भरत राहायचे. १९९१ मध्ये 'रिटेल लिंक' या प्रणालीद्वारे ही सोय इतर पुरवठादारांनाही मिळाली.

यातील खरे धाडस तांत्रिक नव्हते. विक्रीचे आकडे हे तोवर व्यापाऱ्याचे गुपित समजले जाई. दरात घासाघीस करताना ज्याच्यापासून ते लपवायचे, त्याच्याच हाती ते द्यायचे होते. उपग्रह विकत घेता येतो, हा विश्वास विकत घेता येत नाही. म्हणूनच तेच तंत्रज्ञान वापरूनही अनेकांना तो परिणाम साधला नाही.

एकच खतावणी

कंपनीच्या चार भिंतींच्या आतही अशीच अडचण होती. विक्री विभागाची वही वेगळी, गोदामाची वेगळी, लेखा विभागाची तिसरी. विक्री विभाग ग्राहकाला सोमवारचा वायदा देई आणि गोदामात माल नाही हे मंगळवारी कळे. नव्वदच्या दशकात उद्योगांनी स्वीकारलेली 'ईआरपी' म्हणजे एन्टरप्राइझ रिसोर्स प्लॅनिंग ही प्रणाली यावरचा तोडगा होती. सॅप, ओरॅकल या कंपन्यांची नावे त्यातूनच घरोघर पोहोचली. पुण्या-मुंबईतील असंख्य संगणक अभियंत्यांचे पहिले परदेशगमन या प्रणाली बसवण्याच्या कामासाठीच झाले आहे.

जुन्या भाषेत सांगायचे तर ईआरपी ही साऱ्या पेढीची एकच खतावणी. विक्रीची मागणी एकदा नोंदली की गोदामातील साठा तेवढा राखून ठेवला जातो, कच्चा माल कमी पडत असेल तर खरेदीची सूचना निघते, माल रवाना होताच बीजक तयार होते आणि लेखापुस्तकात नोंद पडते. एकदा लिहिलेले पुन्हा लिहावे लागत नाही. याचा दुसरा अर्थ असा की, एकदा चुकीचे लिहिलेले साऱ्या पेढीत क्षणार्धात पसरते.

यंत्र अचूक, निर्णय चुकीचा

अमेरिकेतील हर्शी या चॉकलेट कंपनीने याचा अनुभव १९९९ मध्ये घेतला. सुमारे ११ कोटी २० लाख डॉलर खर्चून कंपनीने तीन मोठ्या संगणकप्रणाली एकाच वेळी कार्यान्वित केल्या आणि तेही जुलैमध्ये, हॅलोविन व नाताळच्या हंगामाच्या तोंडावर. आपल्याकडे एखाद्या मिठाईवाल्याने नवरात्रात भट्टी बदलायला काढावी, तसाच हा प्रकार. गोदामात चॉकलेट होते, दुकानदारांची मागणी होती. पण दोहोंची गाठ घालून देणारी नोंद विस्कळीत झाली. सुमारे १० कोटी डॉलरच्या मागण्या कंपनी वेळेवर पुरवू शकली नाही आणि त्या तिमाहीतील नफा १९ टक्क्यांनी घसरला.

सिस्को या कंपनीचे उदाहरण अधिक बोलके आहे. इंटरनेटची यंत्रसामग्री बनवणारी ही कंपनी स्वतःच्या अत्याधुनिक माहितीव्यवस्थेचा दाखला जगाला देत असे. तेजीच्या काळात सुट्या भागांची टंचाई होती, म्हणून ग्राहक एकाच गरजेसाठी अनेक ठिकाणी मागण्या नोंदवून ठेवत. संगणकाला या साऱ्या मागण्या खऱ्याच वाटल्या. २००१ मध्ये मंदीची झळ लागताच दुबार मागण्या विरून गेल्या आणि मे २००१ मध्ये सिस्कोला सुमारे सव्वादोन अब्ज डॉलरचा साठा निर्लेखित करावा लागला. आकडे तत्परतेने येत होते, पण ते खरे नव्हते. घाबरून किंवा हावरेपणाने केलेली मागणी ओळखण्याचे काम शेवटी माणसालाच करावे लागते.

वीस वर्षांनी हाच खेळ साऱ्या जगाने पाहिला. २०२० च्या आरंभी कोरोनामुळे वाहन कंपन्यांनी चिपच्या मागण्या रद्द केल्या. चिप उत्पादकांनी ती क्षमता लॅपटॉप आणि मोबाइलकडे वळवली. त्याच वर्षी गाड्यांची मागणी अपेक्षेहून लवकर परतली, तेव्हा वाहन कंपन्या रांगेत शेवटी उभ्या होत्या; आणि चिप तयार व्हायला तीन महिन्यांहून अधिक काळ लागतो. सप्टेंबर २०२१ मध्ये मारुती सुझुकीने आपल्या हरियाणा व गुजरातेतील कारखान्यांत उत्पादन नेहमीच्या सुमारे ४० टक्क्यांवर येण्याची शक्यता वर्तवली. महिंद्राने त्याच महिन्यात सुमारे सात दिवस उत्पादनाविना जातील असे जाहीर केले. २०२२ च्या मध्यावर चाबकाचे दुसरे टोक फटकारले. टंचाईच्या भीतीने मागवलेला माल अंगावर आल्याने अमेरिकेतील टार्गेटसारख्या मोठ्या विक्रेत्यांना सवलती देऊन साठा काढून टाकावा लागला.

वेशीवरचा ट्रक

भारतातील पुरवठा साखळीचे दुखणे बराच काळ निराळे होते. केंद्रीय विक्रीकर टाळण्यासाठी कंपन्या प्रत्येक राज्यात स्वतःचे आगार ठेवत. कारण स्वतःच्याच आगारात हलवलेल्या मालावर तो कर लागत नसे. म्हणजे गोदाम कुठे असावे हे ग्राहकाच्या सोयीने नव्हे, तर कराच्या सोयीने ठरे. राज्याच्या सीमेवरील तपासणी नाक्यांवर आणि जकात नाक्यांवर ट्रकच्या रांगा लागत. किती वेळ जाईल याचा भरवसा नसल्याने पुन्हा जादा साठा आलाच.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, राज्यांच्या सीमेवरील विक्रीकर तपासणी नाके हटले आणि मुंबईची जकातही संपली. छोटी-छोटी आगारे मोडून मोठी मध्यवर्ती गोदामे उभारण्याकडे कंपन्यांचा कल झाला. भिवंडीच्या परिसरातील अवाढव्य गोदामांच्या वाढीला यातून बळ मिळाले. १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य वाहतुकीसाठी ई-वे बिल आवश्यक झाले. ५० हजार रुपयांहून अधिक मूल्याचा माल निघण्यापूर्वी त्याचा तपशील आणि वाहनाचा क्रमांक संकेतस्थळावर नोंदवायचा, असा हा नियम. फेब्रुवारी २०२१ मध्ये टोलनाक्यांवर फास्टॅग सक्तीचा झाला आणि त्याची नोंद ई-वे बिलाशी जोडण्यात आली.

कर चुकवेगिरी रोखण्यासाठी आणलेल्या या नोंदींचा उद्योगांना दुहेरी उपयोग होतो. कोणता माल कोणत्या वाहनातून निघाला याची नोंद एका ठिकाणी सापडते. मात्र नियमाचा काच लहान व्यापाऱ्याला अधिक जाणवतो. वाहन वाटेत बिघडून माल दुसऱ्या ट्रकमध्ये भरला तर नव्या वाहनाचा क्रमांक नोंदवावा लागतो. बिलाची मुदतही अंतरावर, साधारण २०० किलोमीटरला एक दिवस अशी बांधलेली असते. मोठ्या कंपनीकडे यासाठी स्वतंत्र विभाग असतो. लहान पेढीत मालक हाच विभाग!

साठा गेला कुठे?

येथे मूळ प्रश्नाकडे वळायला हवे. माहितीमुळे साठा खरोखर कमी होतो की केवळ एकाच्या गोदामातून दुसऱ्याच्या गोदामात सरकतो?

टोयोटाने दुसऱ्या महायुद्धानंतर रुजवलेल्या पद्धतीत सुटे भाग लागतील तेव्हाच आणि लागतील तेवढेच मागवले जातात. त्यासाठी मुळात संगणकही नव्हता. 'कानबान' म्हणजे साध्या पत्त्यांवर हे काम चाले. ही पद्धत नीट राबवली तर पुरवठादारालाही स्थिर मागणी आधीपासून कळते आणि सर्वांचाच साठा घटतो. पण ती अर्धवट राबवली, म्हणजे मोठ्या कंपनीने 'दोन तासांत माल हवा' एवढेच सांगितले आणि पुढील महिन्याचे नियोजन दाखवलेच नाही, तर पुरवठादाराला तो माल बनवून दारात ठेवण्यावाचून गत्यंतर उरत नाही. मोठ्या कंपनीच्या ताळेबंदात साठा शून्याजवळ दिसतो; तो लघुउद्योजकाच्या शेडमध्ये, बँकेच्या कर्जावर उभा असतो.

त्यात देयके थकली की दुखणे दुणावते. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याने सूक्ष्म व लघु पुरवठादारांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणे बंधनकारक केले आणि विलंबासाठी बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याजाची तरतूद केली. तरीही मोठ्या ग्राहकावर दावा लावून पुढची मागणी गमावण्याची हिंमत किती जण करतील? २०२३ च्या वित्त कायद्याने म्हणून वेगळी वाट धरली. मुदतीत न दिलेले पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च करपात्र उत्पन्नातून वजा करता येत नाही.

माहिती तंत्रज्ञानाने येथेही एक साधन दिले आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार 'ट्रेड्स' नावाच्या व्यवस्था उभ्या राहिल्या आणि २०१७ पासून त्यांचे काम सुरू झाले. लघुउद्योजक आपले बीजक तेथे नोंदवतो, मोठी कंपनी ते मान्य करते आणि बँका त्यावर बोली लावतात. पैसे उद्योजकाला लगेच मिळतात आणि मुदत संपल्यावर बँक ते मोठ्या कंपनीकडून वसूल करते. मात्र सारी मेख एका कळीत आहे. मोठ्या कंपनीने बीजक मान्य केल्याखेरीज पुढची गाडी हलत नाही.

किराणा मालाच्या साखळीतही असाच ताण दिसतो. हिंदुस्तान युनिलिव्हरच्या 'शिखर' अ‍ॅपसारख्या साधनांमुळे दुकानदार मोबाइलवरून थेट मागणी नोंदवू शकतो. कंपनीला दुकानापर्यंतचे चित्र दिसू लागते, दुकानदाराला विक्रेत्याची वाट पाहावी लागत नाही. मात्र वर्षानुवर्षे दुकानांची खडान्‌खडा माहिती बाळगणाऱ्या वितरकाचे महत्त्व त्यामुळे घटते. घाऊक ऑनलाइन व्यापाऱ्यांना आपल्यापेक्षा स्वस्त दर मिळतो, या तक्रारीवरून २०२२ च्या आरंभी महाराष्ट्रातील वितरकांनी काही उत्पादनांवर बहिष्काराचे हत्यार उपसले होते.

धागा तुटला तर

साठा कमी आणि माहिती जास्त या व्यवस्थेत एक जोखीम अंगभूतच आहे. माहितीचा धागा तुटला तर सावरायला गोदामात माल नसतो. एका पुरवठादाराच्या संगणकांवर झालेल्या सायबर हल्ल्यामुळे टोयोटाला मार्च २०२२ मध्ये जपानमधील आपले सर्व १४ कारखाने एक दिवस बंद ठेवावे लागले. ऑगस्ट २०२३ मध्ये तेच कारखाने पुन्हा थांबले. या वेळी कोणी हल्ला केला नव्हता. सुट्या भागांच्या मागण्या हाताळणाऱ्या सर्व्हरमधील जागा संपली होती.

टाटा मोटर्सच्या मालकीच्या जग्वार लँड रोव्हरला याहून मोठा तडाखा बसला. सायबर हल्ल्यामुळे १ सप्टेंबर २०२५ पासून कंपनीचे उत्पादन ठप्प झाले आणि ते टप्प्याटप्प्याने सुरू व्हायला ऑक्टोबर उजाडला. ब्रिटनमधील सायबर मॉनिटरिंग सेंटरने या घटनेमुळे तेथील अर्थव्यवस्थेचे सुमारे १.९ अब्ज पौंडांचे नुकसान झाल्याचा आणि पाच हजारांहून अधिक संस्थांना झळ पोहोचल्याचा अंदाज वर्तवला. ब्रिटिश सरकारने दीड अब्ज पौंडांच्या कर्जाला हमी दिली, ती प्रामुख्याने पुरवठा साखळी तगवण्यासाठी. मोठी कंपनी काही आठवडे तग धरू शकते. तिच्यावर विसंबलेल्या लहान कारखान्याला दर महिन्याला पगार द्यायचे असतात.

शहाण्या उद्योगांनी यातून मध्यममार्ग काढला आहे. २०११ च्या भूकंपानंतर टोयोटाने आपल्या पुरवठादारांच्याही पुरवठादारांची नोंद ठेवणारी यादी तयार केली आणि चिपसारख्या वेळखाऊ भागांचा काही महिन्यांचा साठा पुरवठादारांना बाळगायला सांगितला. कमीत कमी साठ्याचा धडा जगाला देणाऱ्या कंपनीनेच हे केले, हे विशेष. त्यामुळे २०२१ च्या पूर्वार्धात तिला इतरांपेक्षा कमी झळ बसली. मात्र टंचाई लांबल्यावर त्या वर्षीच्या सप्टेंबरात तिलाही जागतिक उत्पादन सुमारे ४० टक्क्यांनी कमी करावे लागले.

तेव्हा एखाद्या कंपनीने नवी संगणकप्रणाली बसवून साठा निम्म्यावर आणल्याचे वृत्त वाचनात आले, तर दोन प्रश्न जरूर विचारावेत. हा साठा खरोखर नाहीसा झाला की कोणा लघुउद्योजकाच्या शेडमध्ये गेला? आणि पडद्यावरचे आकडे एक दिवस दिसेनासे झाले, तर माल कुठे आहे हे सांगणारा माणूस त्या कंपनीत अजून कामावर आहे का?